सुक्या वाटाण्याएवढी पेस्ट

कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा भाग्यश्रीने घरात कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा पडला तेव्हा ‘मे महिना आहे, त्यालाही ऊन झेपत नसेल’ अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिसऱ्यांदा पडला तो नेमका नवऱ्याच्या, शेखररावांच्या, देखत. त्यांनी चष्म्यावरून पाहत “काय झालं?” असं विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “काही नाही. मीच बंद केला.”

हे खोटं बोलायला कारण होतं. येत्या रविवारी सासूबाईंची, म्हणजे सिंधुबाईंची, पंचाहत्तरी होती. पाथर्डी फाट्याजवळचा हॉल ठरला होता, सटाण्याहून जीप भरभरून माणसं यायची होती आणि हॉलच्या पडद्यावर सिंधुबाईंच्या आयुष्यावरची फिल्म दाखवायची होती. पुण्याची धाकटी जाऊ स्नेहल फोनवर म्हणाली होती, “ताई, फिल्मचं आपण स्टुडिओला देऊ या ना. प्रोफेशनल लोक असतात ते.” तिने ‘प्रोफेशनल’ हा शब्द इतक्या मायेने उच्चारला, की भाग्यश्रीच्या कानाची पाळी गरम झाली. फोन ठेवल्या ठेवल्या तिने ‘देवरे परिवार’ ग्रुपवर जाहीर करून टाकलं, “फिल्म घरीच होईल.” पाठोपाठ अंगठे आले, जोडलेले हात आले, मालेगावच्या आत्याबाईंनी कारण नसताना फुगे पाठवले. निवडणुकीतला अर्ज मागे घेता येतो. ग्रुपवरची घोषणा मागे घेता येत नाही.

आणि तिला ती मागे घ्यायचीही नव्हती. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात यूट्यूब बघून बघून ती एडिटिंग शिकली होती. कॉम्प्युटर मुलीचा, वैष्णवीचा. पोरगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली, कॉम्प्युटर माहेरी राहिला. पहिल्यांदा भाग्यश्री त्याच्यावरची धूळ पुसायची, मग त्याच्यावर बसायला लागली, आणि आता सोसायटीतले निम्मे वाढदिवस आणि एक सेवानिवृत्ती तिच्याच हातून संगीतासह बाहेर पडली होती.

पण ह्या फिल्मची गोष्ट वेगळी होती. स्वतःच्या लग्नाची जुनी कॅसेट तिने सीडीवर उतरवून घेतली होती. तीत पंगतीच्या गर्दीत कॅमेरावाला कुणाच्या तरी पायात अडकतो, चित्र सगळं वाकडं होतं, आणि त्या वाकड्या चित्रात तिचे सासरे सावळीराम, फेटा मागे सरकलेला, हात हलवत कॅमेऱ्याकडे बघून अहिराणीत ओरडतात, “सिंधू कोठे शे? तिले बलावा. तिनाबिगर फोटू नको!”

एवढंच. पुढे कॅमेरा सरळ होतो आणि जिलबीकडे वळतो. सिंधुबाई तेव्हा मांडवाच्या मागे स्वयंपाकात होत्या. त्यांनी ते ऐकलं नाही, कुणी त्यांना बोलावलंही नाही, आणि फोटो त्यांच्याशिवायच निघाला. सावळीराम जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात त्यांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. स्टुडिओवाल्याने हा तुकडा ‘शेकी आहे, चित्र हलतंय’ म्हणून पहिल्याच झटक्यात कापला असता. भाग्यश्रीने तो फिल्मच्या बरोबर मध्यावर ठेवला होता आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. काम करताना कानाला हेडफोन लावून बसायची. सिंधुबाईंना वाटायचं, सून आजकाल फार वेळ कुणाशी तरी गुपचूप बोलते.

तर फिल्म तयार होती. फक्त ती कॉम्प्युटरमधून बाहेर निघायला तयार नव्हती. ‘एक्स्पोर्ट’ची कळ दाबली, की आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, टेबल थरथरायचं, आणि थोड्या वेळाने पडदा काळा.

“आत धूळ साचली असणार,” भाग्यश्रीने निदान केलं. “मी साफ करते.”

“मेकॅनिकला बोलावू या,” शेखरराव म्हणाले. शेखरराव सरकारी कार्यालयात अधीक्षक. ज्या वस्तूला झाकण आहे ती उघडण्याचा अधिकार आपल्याहून वरच्या माणसाचा असतो, अशी त्यांची श्रद्धा.

“मिक्सर कोण दुरुस्त करतं ह्या घरात?”

शेखरराव पेपरात शिरले.

इथे ह्या घराविषयी एक गोष्ट सांगायला हवी. देवऱ्यांच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढत नाहीत. हा सिंधुबाईंचा कायदा. सोफ्यावर प्लॅस्टिक आहे, मे महिन्यात पाहुणा उठला की कापड फाडल्यासारखा आवाज होतो. रिमोट पिशवीत आहे. मायक्रोवेव्हच्या बटणांवर जिलेटीन आहे. फ्रिजच्या दारावर ‘वापर सुरू करण्यापूर्वी हा स्टिकर काढावा’ असं इंग्रजीत छापलेला स्टिकर आहे, आणि त्याचं एक टोक सुटत आलं तेव्हा शेखररावांनी ते फेविकॉलने पुन्हा चिकटवलं आहे. भाग्यश्री नवी नवरी असताना ह्याला हसायची. नंतर कधी तरी हसायचं थांबली, आणि मग कधी तरी तिला ते दिसायचंही थांबलं. कॉम्प्युटरच्या डब्याला एका बाजूने काच होती, त्या काचेवरही अर्थातच कागद होता. आत काय चाललंय ते पहाटेच्या धुक्यातून दिसावं तसं दिसे.

तिने डबा उघडला, रंगाच्या जुन्या ब्रशने धूळ झाडली. प्रोसेसर नावाचा जो चौकोनी तुकडा सगळा विचार करतो, त्याच्या डोक्यावर पंखा बसवलेला असतो. त्यालाच कूलर म्हणतात. तो पंखा नीट पुसावा म्हणून तिने जरा ओढला. कट्ट असा आवाज आला आणि त्याचा प्लॅस्टिकचा पाय तिच्या हातात राहिला.

“काय झालं?” पेपरामागून आवाज आला.

“निघाला,” भाग्यश्री म्हणाली. तिच्या आवाजात अजिबात कंप नव्हता.

पंख्याखाली राखाडी रंगाचं काही तरी वाळून भेगाळलं होतं. यूट्यूबने सांगितलं, ही थर्मल पेस्ट. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे पोचवते. ती वाळली की उष्णता जागच्या जागी बसते आणि डोकं तापून मशीन बंद पडतं. “म्हणजे सांध्यातलं वंगण संपल्यासारखं,” तिने शेखररावांना समजावलं. शेखररावांनी नकळत गुडघ्यावर हात ठेवला.

आता नवा कूलर आणि नवी पेस्ट घेणं आलं. “स्वस्तातलाच घेऊ,” दोघंही एकदमच म्हणाले. पुष्कळ वर्षांच्या संसारात असं एकमत क्वचित होतं.

त्यानंतर शेखररावांनी तीन कोटेशनं मागवायला सांगितली.

“अहो, पंखा घ्यायचाय, धरण नाही बांधायचं.”

“पद्धत म्हणजे पद्धत. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, मग निर्णय.”

तिने दोन दुकानांत फोन केला. एकाने विचारलं, इंटेल का एएमडी? दुसऱ्याने विचारलं, सॉकेट कोणतं? तिला लग्न जुळवताना कूळ, गोत्र, देवक विचारतात त्याची आठवण झाली. तिसरं कोटेशन यायच्या आधीच ती पिशवी घेऊन महात्मा गांधी रोडला निघाली. जाताना जिन्यात दोन माणसं भेटली आणि प्रकरण सार्वजनिक झालं.

पहिले तळमजल्यावरचे रावजीकाका. देवळाली कॅम्पात तोफांच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेलं. जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या मते तोफेचाच लहानमोठा प्रकार होती. “सूनबाई, गरमी का मामला है ना? ऐका. बॅरल तापली की फायर बंद. थंडी होऊ द्या, फिर फायर. कूलर मोठाच घ्या. छोट्याने काम नाही व्हायचं.”

दुसऱ्या वरच्या मजल्यावरच्या आशाताई. त्या कुठल्याही विषयावर आदल्याच दिवशी व्हिडिओ बघून बसलेल्या असतात. “अगं, पेस्ट कशाला विकत घेतेस? टूथपेस्ट चालते. फक्त जेलवाली नको, पांढरी हवी.”

“आशाताई, प्रोसेसरला दात नसतात.”

“तुला सांगायचं काम केलं बाई. पुढे तू आणि तुझं मशीन.”

दुकानातला राज नावाचा मुलगा कानात काही तरी खुपसून एकाच वेळी तिच्याशी आणि आणखी कुणाशी तरी बोलत होता. “मॅडम, एअर का लिक्विड?”

“स्वस्त.”

“आरजीबी पाहिजे? पंख्यात रंगीत दिवे लागतात.”

“त्याने जास्त गार होतं?”

“नाही. छान दिसतं.”

“मग ते गणपतीत बघू.”

रावजीकाकांचा सल्ला डोक्यात असल्यामुळे तिने स्वस्तातला पण मोठा कूलर निवडला. तांब्याच्या नळ्या, वर पत्र्यांची चळत. सोबत इंजेक्शनसारख्या नळीत पेस्ट. घरी आणून तिने तो खोक्यातून अलगद काढला आणि पिशवीसकट प्रोसेसरवर नुसता धरून पाहिला. कूलर डब्याच्या चांगला वीतभर बाहेर आला.

रावजीकाका न बोलावता टॉर्च घेऊन हजर होतेच. त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहणी केली. “सूनबाई, ही लांब पल्ल्याची तोफ आहे. उघड्यावर ठेवावी लागेल.”

“तुम्हीच म्हणालात मोठा घ्या!”

“मी मोठा म्हटलं. लांब नाही म्हटलं.”

झालं, परत दुकान. तिथे भिंतीवर पाटी, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. राज म्हणाला, “मालक त्र्यंबकला गेलेत, त्यांची सही लागेल.” मालक आल्यावर म्हणाले, “सही माझी नाही, कंपनीची लागते.” कंपनीला फोन लावला तर तिथे एक यंत्र हिंदीत सांगत होतं की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजवत होतं. बासरी ऐकून ऐकून मालकच वैतागले. म्हणाले, “ताई, खोकं फाटलं असेल, पिशवी फोडली असेल, तर विषयच संपला. दाखवा बरं.”

भाग्यश्रीने खोकं काउंटरवर ठेवलं. मालकांनी उघडलं. थर्माकोल जागच्या जागी. पिशवी जशीच्या तशी, तोंडाच्या चिकटपट्टीसकट. तळाच्या तांब्यावरचा पारदर्शक कागद, त्यावरच्या बारीक अक्षरांसकट, आरशासारखा. वायर बांधायची तारसुद्धा मूळच्या पिळात. मालकांनी खोकं फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

“ताई,” ते म्हणाले, “गोडाऊनमधून माझ्याकडे येतो तोसुद्धा असा येत नाही.”

बुटका कूलर बदलून मिळाला. रिक्षात बसल्यावर तिने घरी फोन करून सासूबाईंना सांगितलं, “आई, तुमच्या प्लॅस्टिकने आज काम केलं.”

“मंग?” सिंधुबाई म्हणाल्या. “मी काय येडी शे का?”

शुक्रवारी दुपारी कूलर बसवायचा मुहूर्त ठरला. मुहूर्त कुणी काढला नव्हता, पण रावजीकाका, आशाताई आणि रजा टाकलेले शेखरराव असे तिघे प्लॅस्टिकच्या सोफ्यावर ओळीने बसलेले पाहिल्यावर त्याला दुसरा शब्द नव्हता. सिंधुबाई पलीकडे शेंगा सोलत होत्या.

पेस्ट किती लावायची ह्यावर पहिली चकमक झाली. माहितीपत्रकात लिहिलं होतं, वाटाण्याएवढी.

“ओला का सुका?” आशाताईंनी विचारलं.

हा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला कळेल, की ओल्या आणि सुक्या वाटाण्यात केवढा फरक असतो. पत्रक लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी उसळ केली नसावी. रावजीकाका म्हणाले, ग्रीस कमी पडलं तर मशीन मरतं. शेखरराव म्हणाले, पत्रकात स्पष्ट नसेल तर खुलासा मागवावा. भाग्यश्रीने सर्वांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “सुका. भिजवला की तो फुगतोच.” तिच्या बोलण्यात एवढा अधिकार होता की रावजीकाकांनीही मान डोलावली.

तिने स्पिरिटने प्रोसेसर पुसला, मधोमध सुक्या वाटाण्याएवढा ठिपका दिला. नवा कूलर उलटा करून पाहिला. तळ असा चकाकत होता की आशाताईंनी त्यात बघून टिकली सरळ केली. शेखररावांनी बोटाने हलकेच तो तळ चाचपला आणि समाधानाने मान हलवली. “फिनिशिंग छान आहे. ओरखडा पडू देऊ नकोस.” कूलर बसला. स्क्रू आवळले. रावजीकाकांनी सोफ्यावरून सॅल्यूट ठोकला आणि प्लॅस्टिक फाटल्यासारखं कर्रर्र वाजलं.

भाग्यश्रीने कॉम्प्युटर चालू केला. पंखा छान मुलायम फिरू लागला. तिने ‘एक्स्पोर्ट’ दाबलं.

मशीन पूर्वीपेक्षा लवकर बंद पडलं.

काही घरांमध्ये अशा वेळी शांतता पसरते. देवऱ्यांच्या घरात सल्ले पसरले. पेस्ट कमी पडली, आशाताई म्हणाल्या, ओला वाटाणा हवा होता. पुन्हा उघडलं, दोन्हीकडचं पुसलं, ओल्या वाटाण्याएवढी लावली. बंद. जास्त झाली, रावजीकाका म्हणाले, तोफेलाही जास्त ग्रीस चालत नाही. पुन्हा पुसलं. तळ तर पुसून पुसून आणखीच लखलखायला लागला. ह्या वेळी पेस्ट उलथन्याच्या टोकाने, भाकरी थापावी तशी, एकसारखी पसरली. इतकी सुरेख, की थांबून फोटो काढावासा वाटला. तरी बंद. पेस्ट भाग्यश्रीच्या बोटांना लागली, कोपराला लागली, पदराला लागली. ही पेस्ट साबणाने निघत नाही, आणखी पसरते, हे पत्रकात कुठेही छापलेलं नव्हतं. शेखरराव म्हणाले, “तिसरं कोटेशन घेतलं असतं तर...” आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून बाकीचं वाक्य त्यांनी गिळलं.

नेमका तेव्हाच स्नेहलचा फोन आला.

“ताई, कसं चाललंय? नाही, मी काय म्हणते, स्टुडिओवाल्याकडे अजून एक स्लॉट आहे. आत्ता फोटो पाठवले तर तो उद्यापर्यंत देतो. छान गाणंबिणं टाकून. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका.”

“झालंच आहे माझं.”

“नक्की ना? म्हणजे शंभर माणसांसमोर काही...”

“स्नेहल, झालंच आहे म्हटलं ना.” भाग्यश्रीने फोन ठेवला आणि खुर्चीवर बसली. तिला फोटोंचं काही नव्हतं. फोटो कुणीही लावेल. पण स्टुडिओत दिलं तर पंगतीतला तो वाकडा तुकडा राहणार नव्हता, आणि तो का राहायला हवा हे फोनवर सांगायचं तर गुपित फुटणार होतं. तेही सिंधुबाई चार हातांवर बसलेल्या असताना. एकदा माणसाला बोलावलं नाही, ते एवढ्या वर्षांनी तरी बोलवावं, एवढंच तिला करायचं होतं. तेवढंही एक पंखा होऊ देईना.

तिने कूलर पुन्हा काढला आणि टेबलावर उलटा ठेवला. आता काय करायचं हे तिला कळत नव्हतं. पण चेहरा तिने असा ठेवला होता, की बघणाऱ्याला वाटावं, ही पुढची पायरी आहे.

शेंगा संपल्या म्हणून सिंधुबाई उठल्या. टेबलापाशी येऊन त्यांनी चष्मा वर केला.

“हाई काय शे वं?”

“कूलर आहे आई. नवा. हात नका लावू, पेस्ट लागेल.”

सिंधुबाईंनी हात लावला. कुठल्याही नव्या वस्तूवरून अंगठा फिरवायची त्यांची सवय होती. लुगडं असो, ताट असो, नातीचा मोबाइल असो. अंगठा तळावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तिथे थांबला, परत आला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं कौतुक उमटलं.

“प्लॅस्टिक झकास बसाडेल शे,” त्या म्हणाल्या. “एक बी बुडबुडा नही.”

खोलीत पंख्याचासुद्धा आवाज नव्हता, कारण तो टेबलावर होता.

भाग्यश्रीने वाकून पाहिलं. आशाताईंनी वाकून पाहिलं. पेस्टचा राखाडी डाग पुसल्यावर खाली बारीक इंग्रजी अक्षरं होती. बसवण्यापूर्वी हा कागद काढावा. अक्षरं लाल रंगात होती. ती दुपारपासून होती. ती दुकानातही होती. शिकलेली सवरलेली चार माणसं ती तीनदा स्पिरिटने पुसून चकचकीत करत होती.

“पाणी भरायचं राहिलं माझं,” रावजीकाका उठत म्हणाले.

“बसा,” भाग्यश्री म्हणाली. काका बसले. सोफा कर्रर्र वाजला. त्या आवाजाने सगळ्यांनी एकदम सोफ्याकडे पाहिलं, मग रिमोटकडे, मग फ्रिजच्या दाराकडे, आणि मग जिकडेतिकडे बघायचं सोडून जमिनीकडे.

“म्हणजे,” शेखरराव सावकाश म्हणाले, “उष्णता वर जायला बघतेय आणि मध्ये आपण...”

“रेनकोट घातला होता,” भाग्यश्रीने वाक्य पुरं केलं. “मीच घातला, आणि वरून इस्त्री केली.”

तिने नखाने कोपरा सोडवला. चर्रर्र करत कागद निघाला. सिंधुबाईंनी तोंडाला पदर लावला. “अरारारा! नवं व्हतं वं!”

“आई, नवंच आहे. आता वापरू.”

सुक्या वाटाण्याएवढी पेस्ट. कूलर. स्क्रू. कळ. मशीन नुसतं मंद गुणगुणत राहिलं, दुपारच्या वेळी पान लावणाऱ्या माणसासारखं. चहा झाला, आशाताई दुसऱ्यांदा कांदेपोहे मागून गेल्या, संध्याकाळ व्हायच्या आत पडद्यावर अक्षरं आली, फिल्म तयार आहे. भाग्यश्रीने ग्रुपवर फक्त लिहिलं, “झाली.” मालेगावच्या आत्याबाईंनी पुन्हा फुगे पाठवले. ह्या वेळी त्यांना कारण होतं.

रविवारी हॉलमध्ये दिवे मालवले. सिंधुबाई पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात, नातेवाइकांच्या गराड्यात. फोटो येत गेले. सटाण्याचं घर, कांद्याची चाळ, कडेवर शेखर. स्नेहल मागून हलकेच म्हणाली, “छान झालंय हं ताई, अगदी प्रोफेशनल.” आणि मग पडदा वाकडा झाला.

लोक चुळबुळले. कुणी तरी म्हणालं, बिघडलं वाटतं.

वाकड्या पडद्यातून, फेटा मागे सरकलेला माणूस हात हलवत अख्ख्या हॉलवर ओरडला, “सिंधू कोठे शे? तिले बलावा. तिनाबिगर फोटू नको!”

चुळबुळ थांबली. सटाण्याची म्हातारी माणसं पडद्याकडे नाही, सिंधुबाईंकडे बघायला लागली. पडद्यावर जिलबी आली, पुढचे फोटो आले, वैष्णवीचं लग्न आलं, दिवे लागले, टाळ्या झाल्या. मग सिंधुबाई शेजारच्या शेखररावांना, जणू कालचीच गोष्ट, तसं म्हणाल्या, “मी चुलापाशी व्हती. माले कोनी सांगं नही.”

“आता ऐकलंस ना आई,” शेखरराव म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. चष्म्यावर काही नव्हतं.

मग फोटोची गडबड उडाली. स्टेजवर चार रांगा, पोरं पुढे, उंच माणसं मागे. स्नेहल सगळ्यांना उभं करत होती. फोटोग्राफर म्हणाला, रेडी. भाग्यश्री तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला टेबलाखाली वाकून प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होती. वायर परत द्यायची होती, आणि ती मूळच्या पिळातच द्यायची होती.

“थांब,” सिंधुबाई म्हणाल्या.

फोटोग्राफर थांबला.

“भाग्यश्री कोठे शे? तिले बलावा.” त्यांनी हात हलवला. तस्साच. “तिनाबिगर फोटू नको.”

भाग्यश्री टेबलाखालून उठली तेव्हा तिचं डोकं टेबलाला आपटलं. डोळ्यांत पाणी त्यामुळे आलं, असं तिने त्यानंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

फोटो पंधरवड्याने मोठा होऊन आला, सोनेरी चौकटीत. काचेवर कंपनीचा पारदर्शक कागद होता. शेखररावांनी तो तसाच सोफ्याच्या वर लावला, पातळी बघून, दोनदा खिळा बदलून. सिंधुबाई प्लॅस्टिकच्या सोफ्यावरून उठल्या, कर्रर्र झालं. त्या चौकटीपाशी गेल्या, अंगठा फिरवला आणि नखाने कोपरा सोडवला.

“आई, अगं, नवं आहे ते!” शेखरराव म्हणाले.

“दिसू दे,” सिंधुबाई म्हणाल्या, आणि कागद ओढून काढला. त्यानंतर ह्या घरात दुसरं कुठलंही प्लॅस्टिक निघालं नाही. सोफ्याचं नाही, फ्रिजचं नाही, रिमोटचं तर नाहीच.

स्वच्छ काचेतून सगळे स्पष्ट दिसत होते. सिंधुबाई मधोमध, त्यांच्या शेजारी त्यांनी हाताला धरून ओढलेली भाग्यश्री, केस विस्कटलेले. तिच्या हनुवटीवर काही तरी होतं. सिंधुबाईंनी चष्मा वर करून पाहिलं.

“हाई काय शे वं?”

भाग्यश्रीने जवळ जाऊन बघितलं. राखाडी ठिपका. सुक्या वाटाण्याएवढा.

“पेस्ट आहे आई. साबणाने निघत नाही.”

“मंग ऱ्हाऊ दे,” सिंधुबाई म्हणाल्या.